एक तोफगोळा, अठ्ठावीस महिने

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रसेल्समध्ये नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी पत्रकारांपुढे एक आकडा ठेवला. मोठ्या तोफांच्या दारूगोळ्याची मागणी नोंदवली, तर पूर्वी तो बारा महिन्यांत हाती पडत असे. आता अठ्ठावीस महिने थांबावे लागते. रशियाने युक्रेनवर चाल केली त्याला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. युक्रेन ज्या वेगाने गोळे झाडत होता, तो नाटो देशांच्या उत्पादनाच्या कितीतरी पट होता, ही कबुलीही त्यांनी त्याच वेळी दिली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांच्या लष्करी आघाडीची ही गत होती. तिच्याकडे पैसा होता, उपग्रह होते, रडारला न दिसणारी विमाने होती. नव्हता तो पोलादी कवचात स्फोटक भरलेला, शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीचा साधा तोफगोळा.

देशाने युद्धासाठी शस्त्रनिर्मिती वाढवावी का, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका टोकाला राष्ट्राभिमान, दुसऱ्या टोकाला ‘तोफा हव्यात की शाळा’ हा वाद. सरकारने मनावर घेतले आणि पैसे मोकळे केले की शस्त्रे मिळतात, असे दोन्ही बाजू धरून चालतात. गेल्या शंभर वर्षांचा अनुभव मात्र तसा नाही. पैसे मंजूर झाल्यापासून गोळा तोफेपाशी पोचेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यात लढाईचे पारडे बरेचसे झुकून गेलेले असते. म्हणून वाढवायचे ते नेमके काय आणि केव्हा, हे आधी पाहायला हवे.

सुरुवात गोळ्यापासूनच करू. १५५ मिलिमीटर व्यासाचा गोळा आज जगातल्या अनेक देशांच्या मोठ्या तोफांमध्ये चालतो. भारताच्या बोफोर्स, धनुष आणि के-९ वज्र या तोफाही त्याच मापाच्या. एका गोळ्याचे वजन साधारण ४५ किलो. पोलादाचा ठोकळा अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, प्रेसखाली दाबून त्याचे पोकळ नळकांडे करतात, लेथवर तासतात, तोंड निमुळते करतात आणि पुन्हा तापवून-थंड करून त्याला कणखर बनवतात. बुडाजवळ तांब्याचा पट्टा बसतो. तोफेच्या नळीतल्या आट्यांमध्ये हा पट्टा रुतला की गोळ्याला फिरकी मिळते आणि तो सरळ जातो.

हे रिकामे कवच मग दुसऱ्या कारखान्यात जाते. तिथे त्यात वितळलेले टीएनटी किंवा तत्सम स्फोटक ओततात आणि ते सावकाश थिजू देतात. घाई केली तर आत पोकळी राहते, आणि असा गोळा डागताना नळीतच फुटण्याचा धोका असतो. म्हणून भरलेला गोळा क्ष-किरणांखाली तपासला जातो. स्फोट घडवून आणणारा फ्यूज तिसरीकडे तयार होतो. गोळा फेकणारी दारू, म्हणजे प्रॉपेलंट, चौथीकडे.

प्रॉपेलंटची गोष्ट तर थेट शेतापर्यंत जाते. त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तो बनतो कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांना लिंटर म्हणतात. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. युरोपातल्या कारखान्यांना हे लिंटर मुख्यतः चीनमधून येते, ही गोष्ट युक्रेन युद्ध पेटल्यावर तिथल्या राज्यकर्त्यांच्या नीट ध्यानात आली. टीएनटीचेही तसेच. अमेरिकेने १९८६ मध्येच आपल्या भूमीवर टीएनटी बनवणे बंद केले होते. युरोपात ते मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना उरला होता तो पोलंडमध्ये, बिदगोश्च शहरात. म्हणजे कवचांचे उत्पादन दुप्पट केले तरी आत भरायला स्फोटक आणि मागे ठासायला दारू नसेल, तर हाती उरतात पोलादाची नळकांडी.

ही स्थिती कोणाच्या निष्काळजीपणामुळे आली नव्हती. ती ठरवून आणलेली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पश्चिमी देशांनी संरक्षणखर्च कापला. १९९३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने कंपन्यांना सरळ सांगितले की सगळ्यांना पुरेल एवढे काम आता मिळणार नाही, एकत्र या. १९९० च्या दशकात जिथे ५१ मोठ्या कंपन्या होत्या, तिथे पुढे पाच उरल्या. शांततेच्या काळातला हा हिशेब चोख होता. रिकामी यंत्रे आणि बसून पगार घेणारे कामगार कोणत्याही जमाखर्चात तोट्याच्याच बाजूला दिसतात. युक्रेनमधून खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्रांना मागणी आली, तेव्हा या काटकसरीची किंमत कळली. अमेरिकी लष्कराने जवळपास वीस वर्षे ते नव्याने मागवलेच नव्हते. उत्पादन पुन्हा सुरू करताना रेथिऑन कंपनीला सत्तरीतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांना बोलावून नव्या मुलांना काम शिकवायला लावावे लागले.

तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार युरोपला नवा नाही. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेल या गावाजवळ ब्रिटिशांनी जर्मन खंदकांवर हल्ला केला. हल्ला करणाऱ्या फौजेत निम्मे सैनिक हिंदी होते. गढवाल रायफल्सच्या गब्बरसिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच लढाईत. पहिल्या ३५ मिनिटांत ब्रिटिश तोफांनी जेवढे गोळे झाडले, तेवढे दक्षिण आफ्रिकेतल्या सबंध बोअर युद्धातही वापरले गेले नव्हते. गाव हाती आले, पण पुढे रेटायला गोळेच उरले नाहीत. मे महिन्यात ऑबर्स टेकडीवरचा हल्ला फसला आणि ‘द टाइम्स’ने गोळ्यांच्या टंचाईची बातमी ठळकपणे छापली. त्या गदारोळात ॲस्क्विथ यांचे उदारमतवादी सरकार जाऊन संयुक्त सरकार आले आणि युद्धसामग्रीसाठी स्वतंत्र खाते निघाले. त्याचे मंत्री झाले लॉइड जॉर्ज.

लॉइड जॉर्ज यांनी काम धडाक्यात हाती घेतले. सरकारी कारखाने उभे राहिले, खाजगी कारखाने सरकारी नियंत्रणाखाली आले, लाखो स्त्रिया कामावर रुजू झाल्या. १९१४ मध्ये ब्रिटनने सुमारे पाच लाख गोळे बनवले होते. १९१७ मध्ये हा आकडा साडेसात कोटींच्या पुढे गेला. यशाची कहाणी म्हणून ती नेहमी सांगितली जाते. तिचा मधला भाग मात्र वगळला जातो.

१ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. त्याआधी आठवडाभर ब्रिटिश तोफांनी जर्मन मोर्चांवर सुमारे १५ लाख गोळे ओतले. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा फुटलाच नाही, असा अंदाज दिला जातो. नवखे कामगार, घाईची तपासणी आणि सदोष फ्यूज यांचा तो परिणाम होता. काटेरी तारा शाबूत राहिल्या, खंदकांतल्या मशिनगन शाबूत राहिल्या, आणि पहिल्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे १९ हजारांहून अधिक सैनिक मारले गेले. फ्रान्समधले शेतकरी नांगरताना ते न फुटलेले गोळे आजही वर काढतात. इकडे कारखान्यांतही माणसे मरत होती. टीएनटी हाताळणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडे, काहींचे यकृत निकामी होई. लंडनच्या सिल्व्हरटाउन या दाट वस्तीत टीएनटी शुद्ध करू नका, असे तिथला कारखाना चालवणारी कंपनीच सांगत होती. सरकारला मात्र थांबायला वेळ नव्हता. १९ जानेवारी १९१७ रोजी तिथे सुमारे ५० टन टीएनटीचा स्फोट झाला आणि ७३ माणसे गेली.

उत्पादन वाढले, पण ते वाढवण्याची घाई स्वतःच एक शत्रू ठरली. हा धडा ब्रिटनने लक्षात ठेवला. १९३६ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी, त्याने ‘शॅडो फॅक्टरी’ योजना आखली. सरकारी पैशांनी कारखाने बांधायचे, ते ऑस्टिनसारख्या मोटार कंपन्यांकडे चालवायला द्यायचे आणि विमानांचे भाग कसे बनतात हे मोटारींच्या कारागिरांना आधीच शिकवून ठेवायचे. याच धोरणातून बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिच इथे स्पिटफायर लढाऊ विमानांचा प्रचंड कारखाना उभारायला १९३८ मध्ये सुरुवात झाली. एवढे आधी सुरू करूनही मे १९४० पर्यंत तिथून एकही विमान बाहेर पडले नव्हते. स्पिटफायरचे पंख वळवणे मोटारीचा पत्रा वाकवण्याइतके सोपे नव्हते. अखेर विमाननिर्मिती मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी कारखाना मोटारवाल्यांकडून काढून व्हिकर्स या विमान बनवणाऱ्या कंपनीकडे सोपवला. जूनमध्ये पहिली विमाने निघाली. पुढे युद्धभर या एका कारखान्याने सुमारे १२ हजार विमाने दिली. काम १९३८ ऐवजी १९४० मध्ये सुरू झाले असते, तर त्याचा उपयोग कधी झाला असता हे सांगायला नको.

अमेरिकेचे उदाहरण तर सगळेच देतात: मोटारी बनवणाऱ्या डेट्रॉइटने रातोरात बॉम्बर बनवले! प्रत्यक्षात रात्र बरीच लांब होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वर्षाला ५० हजार विमानांचे लक्ष्य मे १९४० मध्ये जाहीर केले, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दीड वर्ष आधी. ब्रिटन आणि फ्रान्सने रोख पैसे मोजून दिलेल्या मागण्यांमुळे तिथले विमान कारखाने त्याआधीच विस्तारू लागले होते. मिशिगनमध्ये फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्याची पायाभरणी १९४१ च्या वसंतात झाली. तासाला एक बी-२४ बॉम्बर हे त्याचे प्रसिद्ध उद्दिष्ट मात्र १९४४ मध्ये गाठले गेले. मधल्या काळात लोक त्याच्या नावावर कोटी करून ‘विल इट रन?’, म्हणजे ‘हा चालेल का’, असे विचारत. जगातली सर्वांत मोठी औद्योगिक ताकद, अमर्याद पैसा, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेरची भूमी, आणि तरी तीन वर्षे.

आता पुन्हा युक्रेनकडे वळू. युद्धाआधी अमेरिका महिन्याला १५५ मिलिमीटरचे सुमारे १४ हजार गोळे बनवत होती. अब्जावधी डॉलर ओतून २०२४ मध्ये ती ४० हजारांपर्यंत पोचली. महिन्याला एक लाखाचे लक्ष्य २०२५ मध्येही हुकले. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचा शब्द दिला. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. दरम्यान गोळ्याची किंमत दोन हजार युरोंवरून आठ हजारांवर गेल्याचे नाटोच्या लष्करी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउअर यांनी जाहीरपणे सांगितले. साठे संपल्यावर सगळे एकाच दुकानात गेले की दुसरे काय होणार! रशिया मात्र नाटोच्याच अंदाजानुसार महिन्याला अडीच लाखांच्या घरात गोळे बनवत होता. त्याचे कारखाने जुनाट आणि तोट्यातले होते, पण सोव्हिएत काळापासून त्याने ते मोडीत काढले नव्हते.

भारताने हे सारे आपल्या अनुभवातून पाहिले आहे, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. स्वातंत्र्यानंतर अशा सरकारी आयुध निर्माणींकडे दुर्लक्ष झाले. त्यांच्यात कॉफीची यंत्रे बनवली जातात, अशी टीका तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर झाली होती. १९६२ मध्ये चीनने चपराक दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संरक्षण उत्पादन विभाग स्थापन झाला आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या काही वर्षांत वरणगाव, भंडारा, चांदा आणि अंबाझरी इथे नव्या निर्माणी उभ्या राहिल्या. वरणगावला काडतुसे, भंडाऱ्याला प्रॉपेलंट आणि स्फोटके, अंबाझरीला गोळ्यांची कवचे, भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत भरणा. एका तोफगोळ्याचा अर्धा संसार विदर्भात मांडला गेला.

१९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर तोफखान्याने गोळे, बॉम्ब आणि रॉकेट मिळून सुमारे अडीच लाख फैरी झाडल्या. टायगर हिल परत घेतले त्या दिवशी एका दिवसात नऊ हजार. तरी ते मर्यादित युद्ध होते. घनघोर लढाई ४० दिवस चालली तरी पुरेल एवढा दारूगोळा हाताशी असावा, असे आपल्या लष्कराचे प्रमाण आहे. कॅगने २०१७ च्या अहवालात दाखवून दिले की तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांपेक्षा कमी होता. त्याच्या दोन वर्षे आधीच्या अहवालात तर अर्धे प्रकार या यादीत होते. उरीच्या हल्ल्यानंतर लष्कराला तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले. तातडीची खरेदी म्हणजे महागाची खरेदी, आणि तीही विकणाऱ्याच्या मर्जीची.

त्यानंतर चित्र पालटू लागले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात, कवचे आणि इतर भाग बनवणाऱ्या यंत्र इंडियाचे नागपुरात. पिनाका रॉकेटवर पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी काम केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या दारूगोळ्यासाठी दहा हजार कोटींहून अधिक रकमेचे करार म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या खाजगी कंपनीशी झाले. पाठोपाठ मार्चमध्ये ३०७ देशी तोफांचा करार झाला, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जचा. देशाचे संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटींवर गेले आणि निर्यात २३ हजार ६२२ कोटींवर. ही वाढ खरी आहे. पण रुपयांतला आकडा युद्धाच्या तिसऱ्या महिन्यात किती गोळे निघतील हे सांगत नाही.

विस्ताराच्या विरोधातले मुद्देही हलके नाहीत. गेल्या शतकातला सर्वांत मोठा इशारा सोव्हिएत संघाचा: शीतयुद्धाच्या अखेरीस त्याच्याकडे पन्नास हजारांहून अधिक रणगाडे होते आणि दुकानांत साबण नव्हता. आजच्या रशियानेही कारखाने तीन पाळ्यांत चालवण्याची किंमत मोजली आहे. मजूर मिळेनासे झाले, महागाई वाढली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. शस्त्रउद्योग एकदा फुगला की तो स्वतःसाठी काम मागू लागतो, हा धोका स्वतः जनरल राहिलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीच जानेवारी १९६१ मधल्या अध्यक्षपदाच्या निरोपाच्या भाषणात बोलून दाखवला होता.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आज जे भरभरून बनवायचे, ते उद्या कालबाह्य ठरले तर? युक्रेनने २०२४ मध्ये दहा लाखांहून अधिक ड्रोन बनवले. त्यांची रचना काही महिन्यांत बदलते, कारण शत्रू त्यांचे संदेश अडवायला शिकतो. असे ड्रोन कोठारात रचून ठेवणे म्हणजे गेल्या वर्षीचे मोबाइल विकत घेऊन ठेवण्यासारखे आहे. गोळ्यांनाही वय असते. प्रॉपेलंट जुने झाले की खराब होते आणि धोकादायकही. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीने साठ्याचा धोका दाखवला. उत्पादनाचा धोका भंडाऱ्याच्या निर्माणीत दिसला: २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात छत कोसळून किमान आठ कामगार ठार झाले. युद्ध नसताना हे घडले. युद्धाच्या घाईत अशाच निर्माणींना दुप्पट काम करायला सांगितले, तर काय होईल याचे उत्तर सिल्व्हरटाउनने देऊन ठेवले आहे.

हे आक्षेप नीट पाहिले तर ते साठ्याच्या आणि कायमस्वरूपी उत्पादनाच्या विरोधात जातात, क्षमतेच्या विरोधात जात नाहीत. क्षमता म्हणजे शांततेत एका पाळीत चालणारा, पण तीन पाळ्या सोसू शकेल असा कारखाना. त्यात जादा प्रेस आणि जादा भरणा-इमारती आधीच, सुरक्षित अंतर राखून बांधलेल्या असतात. लिंटर, आम्ल, टीएनटी आणि फ्यूजचे सुटे भाग देशातच मिळतील याची व्यवस्था असते. कापूस पिकवणाऱ्या भारताला हे युरोपपेक्षा सोपे आहे. निवृत्त होणाऱ्या कारागिराच्या हाताखाली नवा कारागीर तयार होत असतो. ड्रोनच्या बाबतीत तर साठ्यापेक्षा रचना बदलू शकणारे अभियंते आणि मोटर-बॅटरी बनवणारे देशी कारखाने अधिक मोलाचे.

याला पैसा लागतो आणि तो बऱ्याच अंशी वरकरणी वाया जाणारा असतो. खाजगी कंपनी तो स्वतःहून घालणार नाही, कारण रिकामी इमारत भागधारकांना आवडत नाही. तिला सात-दहा वर्षांची हमखास मागणी हवी. जर्मनीत राइनमेटालने उंटरलूस इथे गोळ्यांचा नवा कारखाना अवघ्या दीड वर्षात, ऑगस्ट २०२५ मध्ये उभा केला, तो सरकारने अनेक वर्षांच्या खरेदीचा शब्द दिल्यावर. तरी वर्षाला साडेतीन लाख गोळ्यांचे त्याचे उद्दिष्ट २०२७ चे आहे. निर्यातीने रिकाम्या पाळ्या भरता येतात हे खरे. पण गोळे कोणाला विकले आणि ते कोणावर पडले, या प्रश्नाचे उत्तरही मग विकणाऱ्या देशालाच द्यावे लागते.

तेव्हा निवाडा असा: देशाने युद्धासाठी शस्त्रनिर्मिती वाढवावी, पण ती शांततेत वाढवावी आणि ढीग वाढवण्याऐवजी वेग वाढवता येण्याची सोय वाढवावी. आपल्याकडे दारूगोळ्याचे मोजमाप आजही दिवसांत होते: दहा दिवसांचा, चाळीस दिवसांचा. कॅगने आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने त्याच्या शेजारी आणखी एक रकाना मागायला हवा. प्रत्येक महत्त्वाच्या दारूगोळ्याचे उत्पादन दुप्पट करायला आज किती महिने लागतील? अठ्ठावीस हे उत्तर असेल, तर ते युद्धाआधी कळलेले बरे.